‘चिंक्या’ म्हटलं तर तोही हसतो. मग बिघडलं कुठे?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. हिंजवडीतल्या एका कंपनीत अकरा जणांची टीम आहे. आठ महिन्यांपूर्वी तिथे इंफाळचा एक मुलगा रुजू झाला आणि पहिल्याच आठवड्यात त्याचा ‘चिंक्या’ झाला. ‘ए चिंक्या, चल चहाला’ म्हटलं की तोही हसत उठतो. गेल्या महिन्यात मिझोरामची एक मुलगी आली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, ‘आली, चिंकी नंबर दोन.’ प्रश्न विचारणाऱ्या ताई या टीमच्या लीड आहेत. त्यांनी हटकलं तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, आपल्याकडे जाड्या आहे, टकल्या आहे, काळ्या आहे. त्याला स्वतःला काही वाटत नाही, तुम्हालाच का वाटतं?’ ताई विचारतात, मी उगाच बाऊ करतेय का? आणि करत नसेन, तर नक्की काय करू?

बावीस वर्षं मी समुपदेशन करते. त्यातली पहिली चौदा पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात, वसतिगृह धरून. आता कंपन्यांमध्ये जाते. हाच प्रश्न माझ्याकडे वर्षातून दहा वेळा येतो, कधी मणिपुरी मुलाबद्दल, कधी नायजेरियन विद्यार्थ्याबद्दल, कधी बिहारच्या वॉचमनबद्दल.

बाऊ नाही. पण तुमची टीम दुष्ट आहे असंही मला वाटत नाही. टोपणनावांचा त्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही, म्हणून आधी तोच घेते.

आपल्या भाषेत ‘या’ हा प्रत्यय मोठा कामाचा आहे. प्रकाशचा पक्या, रामचा राम्या, बाळचा बाळ्या. याच ‘या’ने आई लेकराला हाक मारते आणि सावकार कुळाला. माया की तुच्छता, ते प्रत्ययावरून कळत नाही. कोण कुणाला म्हणतंय आणि उलट म्हणायची मुभा आहे का, यावरून कळतं. टीममधल्या जाड्याने टकल्याला टकल्या म्हटलं तर हिशोब बरोबरीत सुटतो. इंफाळच्या मुलाने तुमच्या टीमला काय म्हणायचं? त्याच्याकडे त्या तोलाचा शब्दच नाही. मराठी माणसाला मराठी असण्यावरून पुण्यात लागेल असं तो काय बोलणार?

दुसरा फरक तुमच्याच पत्रात आहे. उद्या टीममध्ये आणखी एक जाडा मुलगा आला, तर त्याला कुणी ‘जाड्या नंबर दोन’ म्हणणार नाही. त्याचा चष्मा, चाल, डबा, काहीतरी बघून वेगळं नाव पडेल. कारण जाड्या हे एका माणसाचं नाव आहे, चिडवण्यासाठी ठेवलेलं असलं तरी त्याच्याकडे बघून ठेवलेलं. ‘चिंकी’ कुणाकडे बघून ठेवलेलं नाही. तो मुलगा यायच्या आधीपासून शब्द तयार होता, तो आला आणि त्याच्या अंगावर टाकला. मिझोरामची मुलगी आली, तिच्याही अंगावर तोच. इंफाळ आणि ऐझॉल यांच्या भाषा वेगळ्या, धर्म बहुधा वेगळे, जेवण वेगळं. ‘नंबर दोन’ म्हणणाऱ्याने नकळत तुमचा प्रश्न सोडवून टाकलाय.

राहता राहिलं त्याचं हसणं.

२०१२ चा ऑगस्ट. आसामात कोक्राझारला जुलैमध्ये हिंसाचार झाला होता, त्याचे पडसाद इकडे उमटत होते. पुण्यात ईशान्येकडच्या काही तरुणांना मारहाण झाली होती. मोबाइलवर अफवा फिरत होत्या. बंगळूरहून गुवाहाटीकडे खास गाड्या सोडाव्या लागल्या, पुण्याहूनही लोक मिळेल त्या गाडीने निघाले होते. सरकारने एकगठ्ठा एसएमएसवर पंधरा दिवस बंदी घातली ती तेव्हाच. आमच्या वसतिगृहातला तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा रजेच्या अर्जावर सही घ्यायला माझ्याकडे आला. सगळ्यांचा लाडका, फुटबॉलच्या संघात, गॅदरिंगला गिटार वाजवणारा, आणि अर्थातच सगळ्यांचा ‘चिंकी’. मी सहज म्हटलं, ‘अरे, तू कशाला जातोस? तुला तर इथे सगळे ओळखतात.’ अर्जावरची नजर न काढता तो हिंदीत म्हणाला, ‘सब मुझे चिंकी करके पहचानते हैं, मॅम. बाहर भी वो लोग चिंकी ही ढूँढ रहे हैं.’

मी सही केली. तीन वर्षं तो हसताना मी बघितला होता आणि ते हसू म्हणजे सगळं ठीक आहे असं धरून चालले होते. समुपदेशक मी! तो दिवाळीनंतर परत आला, पदवी घेऊन गेला. पण त्यानंतर ‘तो पण हसतो’ हे वाक्य मी पुरावा म्हणून कधीच स्वीकारलं नाही. नव्या गावात, नव्या टेबलावर, दहा जणांत एकटा असलेला माणूस हसतो, कारण न हसण्याची किंमत त्याला ठाऊक असते. चहाला बोलावणं बंद होतं. ‘अॅटिट्यूड आहे त्याला’ असं होतं. घरापासून दोन-अडीच हजार किलोमीटरवर असताना हसणं स्वस्त पडतं.

तो मुलगा आणखी एक गोष्ट सांगून गेला. टेबलावर लाडाने वापरलेला शब्द आणि रस्त्यात मारताना वापरलेला शब्द एकच असतो. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचल प्रदेशचा निडो तानिया हा विद्यार्थी एका दुकानाशी पत्ता विचारत होता. त्याच्या रंगवलेल्या केसांवरून शेरे मारले गेले, वाद झाला, मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. सुरुवात शेऱ्यापासून झाली होती. तुमची टीम कुणाला मारायला जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुमच्या मुलाने तोच शब्द बसमध्ये, घरमालकाकडून, रिक्षावाल्याकडून वेगळ्या सुरात ऐकलेला असतो. ऑफिसात तो ऐकताना आधीचे सूर कानातून पुसले जात नाहीत.

‘आमच्या मनात काही नसतं’ हे मी हजारदा ऐकलंय, आणि नव्वद टक्के वेळा ते खरं असतं. क्रिकेटमधली दोन उदाहरणं यासाठी मी कार्यशाळेत हमखास देते, कारण क्रिकेट म्हटलं की झोपलेलेही जागे होतात.

पहिलं डॅरेन सॅमीचं. वेस्ट इंडीजला २०१२ आणि २०१६ असे दोन टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार. आयपीएलमध्ये हैदराबादकडून खेळताना त्याला आणि श्रीलंकेच्या थिसारा परेराला संघात ‘कालू’ म्हणत. सॅमीचा समज असा की या शब्दाचा अर्थ दमदार घोडा वगैरे काहीतरी आहे, त्यामुळे तो खूश. सगळे हसायचे, तोही हसायचा. जून २०२० मध्ये, अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडची हत्या झाल्यावर जगभर हा विषय पेटलेला असताना, त्याला खरा अर्थ कळला. तो चिडला आणि जाहीरपणे बोलला. पुढे एका जुन्या सहकाऱ्याशी त्याचं बोलणं झालं, ते प्रेमाने म्हटलेलं होतं हे त्याने मान्य केलं आणि विषय मिटवला. आता बघा, आपल्या कानाला ‘कालू’ यात विष दिसत नाही. आपल्या गावागावांत काळू आहेत, काळूराम आहेत, काळूबाईची जत्रा आहे. म्हणणाऱ्याच्या मनात खरंच काही नसेल. तरीही सॅमीच्या बाजूने विचार करा. ज्या प्रत्येक वेळी तो हसला होता, ती प्रत्येक वेळ त्याला नव्याने आठवली असणार. मनात काही नव्हतं हे कळून पुढचं नातं सावरतं, मागचं हसू परत मिळत नाही.

दुसरं उदाहरण थेट मुंबईचं. ऑक्टोबर २००७, वानखेडे. अँड्र्यू सायमंड्स हा ऑस्ट्रेलियाचा खेळाडू, एका बाजूने आफ्रो-कॅरिबियन वंशाचा. त्याच्याकडे बघून काही प्रेक्षक माकडासारखे हावभाव करत होते. त्याआधी वडोदऱ्यालाही तसे आवाज काढले गेले होते. वानखेडेतल्या त्या प्रेक्षकांचे फोटो पेपरात छापून आले. आणि मग जानेवारी २००८ मध्ये सिडनी कसोटीत हरभजनसिंगने सायमंड्सला ‘मंकी’ म्हटल्याचा आरोप झाला, तीन कसोटींची बंदी आली, अपिलात ती उठून मानधनाच्या निम्म्या रकमेचा दंड उरला. हरभजन नेमकं काय म्हणाला यावर लोक आजही तावातावाने बोलतात, त्यात मी पडत नाही. मला रस आहे तो तेव्हा घरोघरी झालेल्या बचावात. ‘माकड ही काय शिवी आहे? आम्ही पोरांना दिवसातून चार वेळा माकड म्हणतो. आमच्याकडे तर मारुतीची देवळं आहेत.’ माझे वडीलही हेच म्हणत होते, आणि त्यांच्या दृष्टीने ते शंभर टक्के खरं होतं. आपण पोराला माकड म्हणतो ते तो फांदीवर लोंबकळतो म्हणून. आफ्रिकी वंशाच्या माणसाला युरोप-अमेरिकेत माकड म्हटलं गेलं ते त्याला माणसांतून वगळण्यासाठी. गुलामगिरीच्या काळापासून शास्त्राचा मुलामा देऊन तसं म्हटलं गेलं, १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात ओटा बेंगा या काँगोच्या माणसाला चक्क माकडांच्या विभागात ठेवून दाखवलं गेलं. शब्द तोच, ओझं वेगळं. आणि वानखेडेवरच्या त्या मंडळींना हे माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. माहीत नसतं तर ते नेमके सायमंड्सकडेच बघून ते हावभाव का करत होते? संघात बाकी दहा जण होतेच की.

एवढं सांगून झाल्यावरही सभागृहात एक थंडपणा असतो. लोकांना वाटतं, हे सगळं दुसऱ्यांचं. मग मी एक प्रश्न विचारते: ‘तुमच्यापैकी किती जणांना कुणी घाटी म्हटलंय?’

हात वर जायला लागतात. आधी एक, मग पाच, मग अर्धी खोली. सातारा-कोल्हापूरकडून मुंबईत गेलेले, कॉलेजात इंग्रजी अडखळलं तेव्हा ऐकलेले. गोव्यात नोकरी केलेले. एकदा एक पन्नाशीचे मॅनेजर उभे राहिले आणि म्हणाले, ‘चर्चगेटच्या ऑफिसात पहिल्या दिवशी मी डबा उघडला, भाकरी आणि ठेचा होता. एक जण म्हणाला, घाटी खाना. सगळे हसले. मीही हसलो.’ मग थोडं थांबून, ‘त्यानंतर दोन वर्षं मी सँडविच नेलं.’ तीस वर्षं झाली होती. त्यांच्या टीममधल्या पोरांना ही गोष्ट पहिल्यांदाच कळत होती. वास्तविक घाटी म्हणजे घाटावरचा, यापलीकडे त्या शब्दात काहीच नाही. पण मुंबईत तो गावंढळ, अडाणी या अर्थाने वापरला गेला, आणि ज्याने ऐकला त्याला कोशातला अर्थ उपयोगाचा नसतो.

डब्यावरून आठवलं. ईशान्येकडच्या मुलांच्या खोलीतून आंबवलेल्या पदार्थांचा वास आला की वसतिगृहात गहजब व्हायचा. मणिपुरी ङारी, म्हणजे आंबवलेली मासळी, किंवा नागांचं आखुनी, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. तक्रार करणाऱ्यांत रत्नागिरीचा एक मुलगा सर्वांत पुढे होता. त्याच्या स्वतःच्या ट्रंकेत सुकट आणि बोंबील होते, आणि त्यावरून पहिल्या वर्षी त्याची स्वतःची यथेच्छ टवाळी झालेली. वरून खाली असंच सरकत जातं हे.

आपण ज्या गावात ऐकून घेतो, त्याच्या पुढच्या गावात ऐकवतो. मुंबईत दाक्षिणात्यांना ‘यंडुगुंडू’ म्हणून झालं, लुंगीवरून घोषणा झाल्या, मग ‘भय्या’चा नंबर लागला. भय्या म्हणजे भाऊ, आणि आपण तो शब्द असा वापरतो की भाजीवाल्याला त्यात भाऊपणा शोधूनही सापडू नये. इंग्लंडच्या यॉर्कशायर क्रिकेट क्लबमधल्या वंशभेदाचं प्रकरण गाजलं, तेव्हा चेतेश्वर पुजाराला तिथे उच्चार जमत नाही म्हणून ‘स्टीव्ह’ म्हणत, हेही बाहेर आलं. आपण सगळे संतापलो. त्याच प्रकरणात अझीम रफिक या खेळाडूला पाकिस्तानी वंशावरून जो शब्द वापरला गेला, त्याला एका चौकशीत मित्रांमधली थट्टा ठरवलं गेलं होतं. तुमच्या टीमचं वाक्य आणि ते वाक्य शेजारी ठेवून बघा. (आणि हो, याच रफिकला पुढे स्वतःच्या जुन्या ज्यूविरोधी मेसेजबद्दल माफी मागावी लागली. सोसलेला माणूस दुसऱ्याला लागेल असं बोलत नाही, असं नसतं.)

आता माझी गोष्ट, कारण ती न सांगता तुम्हाला शिकवणं बरं दिसणार नाही. नोकरीच्या सहाव्या-सातव्या वर्षी एका वर्गात मी उशिरा येणाऱ्या मुलांवर चिडले. ‘काय बेरड आहात रे, कितीही बोला, ढिम्म,’ असं काहीतरी म्हणाले. बेरड म्हणजे कोडगा, निर्लज्ज. माझ्या आजीच्या तोंडचा शब्द, मी कधी त्याच्या पोटात शिरले नव्हते. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा आला. शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, बेरड ही आमची जात आहे. माझ्या दाखल्यावर लिहिलंय.’ मी काहीतरी पुटपुटले, ‘अरे, मला तसं म्हणायचं नव्हतं.’ म्हणजे तुमच्या टीमचंच उत्तर. तो म्हणाला, ‘माहितीये मॅडम,’ आणि गेला.

महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत चौदा नावं आहेत. बेरड आहे, भामटा आहे, रामोशी, कैकाडी, वडार आहेत. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे अशा कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. पोरगं पाळण्यात असतानाच संशयित. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ ला, हा शिक्का उठला. म्हणून तो विमुक्त दिन. कायद्यातून उठला, भाषेतून नाही. आपण आजही लुच्च्या माणसाला भामटा म्हणतो, आणि पेपरात ‘भामट्याने वृद्धेला लुटले’ असा मथळा येतो. उगाच केलेल्या चौकशांना चांभारचौकशा म्हणतो. बोलताना जात मनात नसते हे मला पूर्ण मान्य आहे, माझ्याही नव्हती. पण पोरगा दाखला घेऊन समोर उभा असतो. वाड्यावस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. बोलण्यातले शब्द अशा निर्णयाने जात नाहीत, आणि तसा फतवा निघावा असं मला वाटतही नाही. मी एवढंच केलं की ते दोन-तीन शब्द वापरायचे थांबवले. मराठी गरीब झाली नाही. कोडगा आहे, निगरगट्ट आहे, लबाड आहे, ठग आहे.

‘हबशी’ही त्यातलाच. मुळात हबश म्हणजे इथिओपियाचा भाग, तिथला तो हबशी. मलिक अंबर हबशी होता. औरंगाबादेत त्याने नहरीचं पाणी आणलं. जंजिऱ्याचे सिद्दी मूळ तिकडचे, म्हणून तो मुलूख हबसाण. इतिहासात हा साधा, वर्णनाचा शब्द आहे आणि इतिहास लिहिताना मी तो वापरेन. पण ‘हबशासारखा काय जेवतोस’ हे वेगळं, आणि कोंढव्यात भाड्याने राहणाऱ्या सुदानी विद्यार्थ्याकडे बघून ‘हबशी आला’ हे तर त्याहून वेगळं. त्याला मराठी कळत नाही हा तुमचा समज असतो. दोन वर्षं राहिलेल्या माणसाला शिव्या आणि आकडे सगळ्यात आधी कळतात. ऑनसाइट गेलेले आपले लोक न्यू जर्सीच्या लिफ्टमध्ये ‘काळ्या’ म्हणून मोकळे होतात त्यांनाही हेच सांगते. अमेरिकन रॅपमधून उचललेल्या ‘एन’ने सुरू होणाऱ्या शब्दाबद्दल कॉलेजची पोरं मला विचारतात, ‘ते स्वतः म्हणतात, मग आम्ही का नाही?’ मी म्हणते, तुझी आई तुला गाढवा म्हणते, उद्या शेजारच्या काकांनी म्हटलं तर चालेल? एवढ्यावर बहुतेकांना कळतं. ज्यांना नसतं कळायचं, ते वाद घालत राहतात.

कायद्याचं सांगायला हवं, कारण लीड म्हणून तुम्हाला ते माहीत असावं. लोकांच्या व्हॉट्सअॅपवर ‘चिंकी म्हटलं की पाच वर्षं जेल’ असं फिरतं. त्यामागे २०१२ मधलं केंद्रीय गृहमंत्रालयाचं पत्र आहे, की असे शब्द अॅट्रॉसिटी कायद्याखाली येऊ शकतात. पण तो कायदा अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे. ईशान्येतल्या अनेकांना तो लागू होतो, सगळ्यांना नाही. मणिपूरचे मैतेई अनुसूचित जमातीत नाहीत; तुमचा इंफाळचा मुलगा मैतेई असेल, तर हे पत्र त्याच्या कामाचं नाही. सुदानी विद्यार्थ्याला तर नाहीच नाही. शिवाय अपमान लोकांच्या नजरेत येईल अशा ठिकाणी आणि जातीमुळे हिणवण्याच्या हेतूने झालेला असावा लागतो. निडो तानियाच्या मृत्यूनंतर बेझबरुआ समिती नेमली गेली, तिने २०१४ मध्येच दंडसंहितेत वंशभेदी वागणुकीसाठी १५३-क आणि ५०९-अ अशी नवी कलमं घालायची शिफारस केली. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करमा दोरजी प्रकरणात ईशान्येकडच्यांशी होणाऱ्या वंशभेदावर देखरेखीसाठी समिती नेमायला सांगितलं. पण जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेतही ती कलमं आली नाहीत. गटागटांत वैर पसरवणं, महिलेचा विनयभंग करणारे शब्द, चिथावणीखोर अपमान अशी सर्वसाधारण कलमंच वापरावी लागतात. लैंगिक छळासाठी कंपनीत समिती सक्तीची आहे, वंशावरून होणाऱ्या छळासाठी तशी सक्ती नाही. थोडक्यात, कायद्याची भीती घालून टीम सुधारायचा विचार असेल तर तो सोडा. तसंही भीतीने गप्प बसलेला माणूस तोच शब्द पार्किंगमध्ये वापरतो.

मग करायचं काय.

आधी त्या मुलाशी बोला, टीमशी नंतर. केबिनमध्ये बोलावू नका, केबिन म्हटली की तो घाबरेल. जिना उतरताना, चहाच्या टपरीवर. ‘तुला वाईट वाटतं का?’ असं मात्र विचारू नका. याचं उत्तर ‘नाही मॅम’ हेच येणार, आणि ते आलं की तुमचे हात बांधले गेले. ‘घरी तुला काय म्हणतात? इथे आम्ही काय म्हणावं असं वाटतं?’ हे विचारा. नावाचा उच्चार त्याच्याकडून दोन-तीनदा करून घ्या, चुकलात तर चुका. मी एका मिझो मुलीचं नाव आठवडाभर चुकवलं, ती दर वेळी हसून दुरुस्त करायची, आणि ते हसू मी आधी बघितलेलं हसू नव्हतं.

मुलीशी वेगळं बोला, दोघांना एका पिशवीत टाकू नका. ते काम टीमने केलंय. आणि तिच्या बाबतीत जास्त सावध राहा. मुलींसाठी ‘चिंकी’ या शब्दाला आणखी एक घाणेरडी किनार आहे, ‘या मुली तसल्याच’ ही. रात्री रिक्षात, घर शोधताना, त्यांना ती रोज टोचते. टीममधून तसा सूर आला तर तिथे गप्पा नाहीत, थेट तक्रार, आणि तेव्हा ती समिती आहेच.

टीमची मीटिंग घेऊन ‘आपण सगळे भारतीय’ असं भाषण कृपा करून देऊ नका. तो मुलगा त्या खोलीत बसलेला असेल आणि जमिनीत गडप व्हावंसं त्याला वाटेल. प्रत्येक टीममध्ये नावं पाडणारा एकच असतो, बाकीचे मागून ओढतात. त्याला एकटं गाठा. बहुतेक वेळा तो टीमचा सगळ्यात प्रेमळ प्राणी असतो, हे लक्षात ठेवून बोला. ‘तू वाईट आहेस’ असं नको. ‘हा शब्द आता पुरे, त्याला नावाने हाक मार. तू थांबलास की बाकीचे थांबतील,’ एवढं. तो ‘पण मॅडम, त्यालाच…’ सुरू करेल. तेव्हा ‘नंबर दोन’ची आठवण करून द्या.

सवय लगेच जात नाही. कुणीतरी पुन्हा म्हणेल, ‘ते चिंक्याला विचारा.’ तुम्ही मान वर करून फक्त म्हणायचं, ‘कोणाला?’ आणि थांबायचं. चेहऱ्यावर राग नको, खरंच कळलं नाही असं. त्याला नाव उच्चारावं लागतं. तीन-चार ‘कोणाला?’नंतर टीम स्वतःच शिकते. व्याख्यानांपेक्षा या एका शब्दाने मला जास्त यश दिलंय. तुमच्याच तोंडून घसरलं, तर ‘चुकलं’ म्हणा आणि पुढे चला. अर्धा तास माफी मागत बसलात तर त्यालाच तुमची समजूत काढावी लागेल.

आणि तो काळ्या? सगळ्या पत्रात तो एका शब्दात येऊन गेला, म्हणून लक्षात राहिला. तो बरोबरीत खेळतो, उलटून बोलतो, असं असेलही. पण लग्नाच्या जाहिरातीत अजून ‘गोरी’ लिहिणाऱ्या समाजात त्याचं हसू कुठल्या जातीचं आहे, ते कधीतरी चहाला एकटं नेऊन बघा.

शेवटी, असंही होईल की इंफाळचा मुलगा तुम्हाला म्हणेल, ‘मॅम, राहू दे ना, प्लीज.’ मग त्याच्यासाठी झेंडा घेऊन उभ्या राहू नका. त्याला रोज त्या टेबलावर बसायचंय, तुम्हाला नाही. पण स्वतः त्याला नावाने हाक मारणं चालू ठेवा, सगळ्यांसमोर, मेलमध्ये, क्लायंटच्या कॉलवर. आणि मुलीला कुठलाही नंबर लागू देऊ नका, तिने अजून ‘राहू दे’ म्हटलेलं नाही.